पैसे मिळतात एकासाठी, लागतात भलत्यासाठी

आमच्या शाळेत अनुदानाचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते मी मराठी बरं लिहिते म्हणून. बहुतेक अर्ज इंग्रजीत भरायचे असतात, हे त्या बैठकीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, पण तोवर मुख्याध्यापकांसमोर मान डोलावून झाली होती. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची आमची शाळा: अनुदानित, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. मी मराठी शिकवते, अडल्या वेळी इतिहासही घेते, आणि अलीकडे शाळेत एआय यावं म्हणून लोकांकडे पैसे मागते. माहेरी हे सांगितलं तेव्हा भाऊ आधी हसला आणि मग म्हणाला, "तुला ते कळतं का गं?" पुरतं अजूनही कळत नाही. मागता मागता जे हाती लागलं, ते मात्र सांगण्याजोगं आहे.

१. पैशापैशाचा स्वभाव वेगळा असतो. लांबून सगळं अनुदानच दिसतं, जवळ गेलं की प्रत्येकाची तऱ्हा निराळी. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. पट ३० पर्यंत असला तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत असला तर २५,०००. खडू, झाडू, दुरुस्ती, सगळं त्यातच. आम्ही खासगी अनुदानित, म्हणजे पगार सरकारचा आणि वेतनेतर अनुदान येईल तेव्हा येईल. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत मिळू शकतात, पण त्यांना दीड हजार चौरस फूट जागा हवी, आणि आमच्याकडे तेवढं मोकळं फक्त पटांगण. तरी त्या योजनेतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. २० लाखांतले १० लाख उभारणीला आणि उरलेले १० लाख पुढची पाच वर्षं ती चालवायला. वस्तू घेण्याइतकाच खर्च ती चालवण्यावर होतो, हे कुणीतरी कागदावर कबूल केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षणासाठीच्या एआय उत्कृष्टता केंद्राला ५०० कोटी जाहीर झाले, तेव्हा आमचे विज्ञानाचे सर पेपर खाली ठेवून म्हणाले, "यातलं तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत काय पोहोचेल, ते बघा बाई." त्यांचा स्वभाव तसाच आहे. पण मी बघायला लागले.

२. सीएसआरला भूगोल असतो, हे मला भूगोलाच्या बाईंनी शिकवलं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: नक्त मूल्य ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी काहीही गाठणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. हे मी घोकून पाठ केलं आणि मोठ्या उत्साहात म्हटलं, आपल्याकडे साखर कारखाना आहेच की! बाई शांतपणे म्हणाल्या, "तो सहकारी आहे." म्हणजे सहकार कायद्याखालचा. त्याला कंपनी कायद्याचं हे कलम लागूच नाही. आमच्या शिवारात सगळ्यात उंच धुराडं ज्याचं, तो कारखाना त्या दोन टक्क्यांच्या बाहेर. वर त्याच कलमात असंही आहे की कंपनीने स्वतःच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. कंपन्या पुणे, मुंबई, रायगडकडे, त्यामुळे पैसाही त्यांच्या अंगणातच आधी फिरतो. यात कुणाची लबाडी नाही. पण यादी करताना आपण कुणाच्या 'आसपास' येतो, हे आधी बघावं लागतं. आमच्या तालुक्यात ज्या थोड्या कंपन्यांचं काहीतरी चालतं, एकीचं दूध संकलन, एकीचं बियाणं, एकीच्या पवनचक्क्या, त्यांची नावं मला एका पालकाने सांगितली. ते मालवाहू गाडी चालवतात, त्यांना सगळी गेटं ठाऊक.

३. शीर्षकातल्या एका शब्दाने फोन उचलले जातात. आमची अडचण जुनीच: सहावीत येणाऱ्या काही मुलांना बालभारतीचं पान सलग वाचता येत नाही. 'वाचन सुधार' या नावाने हेच लिहिलं तेव्हा पोच आली, पुढे काही नाही. तेच 'एआयच्या मदतीने वाचन' या नावाने गेलं आणि आठवड्यात एक तरुण अधिकारी गाडी घेऊन दारात. खरं सांगायचं तर मला राग आला. मुलं तीच, पान तेच, अडखळणंही तेच. पण त्या अधिकाऱ्याशी बोलल्यावर राग ओसरला. त्यालाही वरच्यांना चार पानी सादरीकरण दाखवायचं होतं, आणि वरच्यांनी त्या वर्षी तोच शब्द ऐकला होता. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात नुसतं शिक्षणाला चालना असं आहे, एआय हवंच असं कुठेही लिहिलेलं नाही. देणगीदार भेटले की परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं नाव हमखास घेतात, ग्लोबल टीचर प्राइज, २०२०. मी दरवेळी एवढंच म्हणते की त्यांचं नाव झालं ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे, आणि क्यूआर कोड छापायला शाई लागते तेवढीच. ऐकणारा हसतो, पण मान हलवतो. तेव्हापासून मी शीर्षक त्यांच्यासाठी लिहिते आणि पहिला परिच्छेद आमच्या सहावीसाठी.

४. एआयच्या आधी प्लग येतो. अर्जात मागायचे टॅब ठेवायचे कुठे, नेट कुणाचं, निगराणी कोण करणार, यावर आमची तासभर चर्चा झाली. चहा घेऊन आलेले शिपाई मामा दारात थांबून म्हणाले, "ते समदं खरं, पण चार्जिंगला लावायचं कुठं? त्या खोलीत एकच बोर्ड हाय, अन् त्याला पंखा." अर्जातला सगळ्यात अभ्यासू परिच्छेद त्यांच्या तोंडून आला. मंजूर वीजभार किती, इन्व्हर्टर किती वेळ टिकतो, पावसाळ्यात लाइट किती तास जाते: हे लिहिल्यावर समोरच्याला पहिल्यांदा ही शाळा खरी वाटली, असं तो स्वतःच म्हणाला.

५. आपण ज्याला आणायला निघालो, ते आधीच येऊन बसलेलं असतं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. दोन दिवाळ्या उलटायच्या आत आमच्या स्टाफरूममध्ये घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका इतक्या शुद्ध आणि इतक्या निर्विकार दिसायला लागल्या की मला वाईट वाटलं. गणिताच्या सरांच्या प्रश्नांमधला शेतकरी पूर्वी नेहमी आंबे विकायला विट्याला जायचा, तो अचानक 'एका दुकानदारा'त बदलला. मुलांचंही तेच. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातली १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात असं आहे. त्याच वयाच्या ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. दहावीच्या एका मुलाने मला 'माझा आवडता सण' या विषयावर जो निबंध दिला, त्यात बेंदूर नव्हता. बैलांच्या घरातला मुलगा, आणि बेंदूर नाही! निबंध कुणी लिहिला ते विचारावं लागलं नाही. त्यामुळे 'एआय आणण्यासाठी' पैसे मागणं मला जरा विनोदी वाटायला लागलंय. सीबीएसईने नववीला २०१९ मध्येच एआय हा ऐच्छिक विषय केला, आणि २०२६-२७ पासून तिसरीपासूनच त्याची ओळख करून देण्याचं केंद्राने जाहीर केलंय. आम्ही राज्य मंडळाची माणसं, आमच्याकडे अभ्यासक्रम यायचा तेव्हा येईल. पण वर्गात त्याच्याशी कसं वागायचं, हे ठरवायला आम्हा शिक्षकांना एकत्र बसायला निवांत दोन तास हवेत, आणि ते मिळत नाहीत. कुणी मतदार यादीच्या कामावर, कुणी सर्वेक्षणावर. प्रशिक्षणाला निधी असतो, तज्ज्ञाच्या मानधनाला असतो, बॅनरलाही असतो. शिक्षकाच्या मोकळ्या तासाला शीर्षच नाही.

६. प्रात्यक्षिक नेहमी कंपनीच्या वाक्यावर होतं, हे मला पहिल्या प्रात्यक्षिकातच दिसलं, आणि ते तपासणं हे एक काम मराठीच्या बाईचंच होतं म्हणून मला बरंही वाटलं. वाचून दाखवलं की यंत्र ऐकतं आणि चुकलेला शब्द तांबडा करतं, असं ते ॲप. आलेल्या प्रतिनिधीने स्वतः एक उतारा वाचला, छान पुणेरी मराठीत. सगळे शब्द हिरवे. मी म्हटलं, आता आमची मुलगी वाचेल. ती उठली आणि तिने 'पाणी' हा शब्द तिच्या घरात म्हणतात तसा म्हटला: 'पानी'. तांबडा. पुढे 'कोण', तांबडा. ती तिसऱ्या ओळीत गप्प झाली. वाचनात तिने एकही अक्षर सोडलं नव्हतं.

त्यावरून आमच्यात जे भांडण झालं, ते त्या ॲपपेक्षा मोलाचं. हिंदीच्या सरांचं म्हणणं, बोर्डात, मुलाखतीत, नोकरीत 'पाणी'च लागणार, यंत्र बरोबर सांगतंय. पाचवीच्या बाई म्हणाल्या, ती अडखळत होती का? मग वाचनाच्या तासाला तिला उच्चाराची शिक्षा कशाला? मी तीस वर्षं 'ण' घोटून घेतलेली बाई, मी कुणाच्या बाजूने बोलणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी पाचवीच्या बाईंच्या बाजूने बोलले आणि घरी जाताना माझं मलाच नवल वाटलं. वर्गात मी 'ण' सुधारते तेव्हा पोर माझ्याकडे बघते, हसते, पुन्हा म्हणते. तांबड्या शब्दाकडे बघून हसता येत नाही. शेवटी आम्ही कंपनीला कळवलं की उच्चाराची चूक आणि वाचनाची चूक वेगवेगळ्या दाखवा. त्यांनी 'पुढच्या आवृत्तीत' असं उत्तर दिलं. आता आमच्या प्रत्येक अर्जात एक अट असते: खरेदीच्या आधी आमची मुलं, आमचं पुस्तक आणि आमच्या वर्गातला गोंगाट, यांत आठवडाभर चाचणी.

संतांच्या बाबतीत तर विचारूच नका. चॅटजीपीटीसारख्या यंत्राला अभंगाचा अर्थ विचारला की अर्थ ठीकठाक येतो, पण अभंग कुणाचा म्हटलं की यंत्र ज्ञानोबा-तुकोबांत निवाडा करायला बसतं, आणि एकदा तर असा अभंग रचून दिला की जो कुठल्याच गाथेत नाही. चालही लागत होती. नववीच्या वर्गात मी तो फळ्यावर लिहिला आणि विचारलं, यात काय खटकतं? एका वारकरी घरातल्या मुलाने लगेच सांगितलं, "बाई, असं कुणी म्हणत न्हाई." त्या दिवशीचा तास फार छान झाला, आणि त्याला एक रुपयाही लागला नव्हता.

७. यंत्राला कंटाळा येत नाही, याचं मला वाटलेलं कौतुक मी लपवणार नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. सहावीतला एक मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे. प्रकट वाचनाची पाळी आली की त्याला हमखास तहान लागायची. टॅब हातात आल्यावर तो खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला आणि वाचत राहिला. तीच ओळ, पुन्हा, पुन्हा. मी दारातून बघत होते. मी असते तर तिसऱ्या वेळी सुस्कारा टाकला असता. मोठ्याने नाही, पण मुलांना तो ऐकू येतो. चाळीस मुलांच्या वर्गात मागची तीन बाकं हसली असती. तिथे हसणारं कुणी नव्हतं. काही आठवड्यांनी त्याने वर्गात पहिल्यांदा हात वर केला आणि पाच ओळी वाचल्या.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट देणगीदारांच्या अहवालात शोभून दिसली असती. दिसलीही, मीच लिहिली. पण पुढचंही घडलं. मुलांना लवकरच उमगलं की ॲप वेगाला तारे देतं. मग ती सुसाट वाचायला लागली, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे तुडवत. तो कोपऱ्यातला मुलगाही. विचारलं, "काय वाचलंस?" तर म्हणाला, "पाच तारे." आम्ही ताऱ्यांचा कागदावरचा हिशेब बंद केला आणि प्रत्येक वाचनानंतर शेजारच्याला गोष्ट सांगायची, असा नियम केला. त्याला यंत्र लागत नाही, शेजारी लागतो.

देणगीदाराला टक्केवारी हवी असते, म्हणून सुरुवातीला आम्ही प्रत्येक मुलाला एकेक मिनिट वाचायला लावून नोंद केली होती. सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्या मिनिटाने. इतक्या वर्षांत प्रत्येक मूल एकेकटं, माझ्यासमोर, मी गप्प बसून ऐकतेय, असं कधी झालंच नव्हतं. एका मुलीला अक्षरं दिसतच नव्हती. तिला चष्मा लागला. तेवढ्याने तिचं वाचन जे सुधारलं, ते टक्केवारीत एआयच्या नावावर जमा झालं. मी तळटीप टाकली होती. अंतिम अहवालात तळटीप दिसली नाही.

८. सगळ्यात नेमका प्रश्न आजींनी विचारला. पालकसभेत मी टॅबची योजना समजावून सांगत होते. मागून एक आजी उठल्या, नातीला त्याच सांभाळतात, आणि म्हणाल्या, "बाई, पोरगी वाचल ते त्येच्यात ऱ्हातंय का? मग त्यो आवाज जातोय कुठं?" मला उत्तर देता आलं नाही. कंपनीला विचारलं, तर इंग्रजीत अकरा पानं आली. मग मी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ वाचायला घेतला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी. मुलांना उद्देशून जाहिराती नाहीत, त्यांच्या वागण्यावर पाळत नाही. मुलांबाबतची जबाबदारी मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे, आणि शाळेच्या शैक्षणिक कामापुरती काही सूट त्यांत आहे. पण सूट आहे म्हणून आजींना उत्तर द्यायचं राहत नाही.

आम्ही एक पानाचं मराठी संमतिपत्र केलं: काय घेतलं जाईल, कुठे ठेवलं जाईल, कधी पुसलं जाईल, आणि नाही म्हटलं तर मुलाचं काही बिघडणार नाही. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरात. काहींनी नाही म्हटलं. त्यांची मुलं पुस्तकावरून बाईंजवळ वाचतात. कंपनीला नावानिशी यादी हवी होती, आम्ही क्रमांक दिले. त्यांचा फलक धरून मुलांचे फोटो हवे होते, आम्ही पाठमोरे दिले. थोडं वाकड्यात गेलं खरं, पण पैसे थांबले नाहीत. दुसरा एकजण चेहरा ओळखून हजेरी घेणारा कॅमेरा फुकट बसवून देतो म्हणाला. आमच्या हजेरीला चार मिनिटं लागतात आणि त्या चार मिनिटांत कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, हे कळतं. त्याला मी फार गोड शब्दांत नाही लिहिलं. मराठी बरं लिहिण्याचा उपयोग होतो, तो असा.

९. जे दिसत नाही त्याची नोंद कुठे करायची, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटेल, पण आमच्या कार्यालयात तो आमच्या लिपिकांचा, भाऊसाहेबांचा आहे. टॅब आले, ते जडवस्तुसंग्रह नोंदवहीत चढले, क्रमांक पडले. मग ॲपच्या वर्गणीचं बिल आलं. भाऊसाहेबांनी बिल उलटसुलट बघितलं. "बाई, वस्तू कुठंय?" म्हटलं, वस्तू नाही, वापरायचा हक्क आहे, वर्षभराचा. "मग वर्ष संपल्यावर निर्लेखन करायचं का?" त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. लेखापरीक्षकासमोर उभं त्यांना राहायचं असतं.

भाऊसाहेबांकडून जे शिकले ते कुठल्या कार्यशाळेत मिळालं नसतं. सीएसआरचा पैसा शाळेला मिळत नाही, संस्थेला मिळतो. संस्थेची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, आणि २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घेतलेला हवा. धर्मादाय कार्यालयातले बदल अर्ज पडून असतील, विश्वस्तांची जुनी नावं असतील, तर सगळं तिथेच अडतं. आणि फेब्रुवारीत अचानक फोन का येतात, याचंही कोडं त्यांनीच उलगडलं. कंपनीचा न खर्चलेला पैसा एरवी सरकारच्या ठरावीक निधीत भरावा लागतो, म्हणून मार्चच्या तोंडावर सगळ्यांना शाळा आठवतात. पण तोच प्रकल्प 'चालू' म्हणून मंजूर करून घेतला, तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत खर्च करता येतो. ही ओळ कळल्यापासून आम्ही ३१ मार्चच्या आत संपवायच्या खरेदीला हात लावत नाही. तीन दरपत्रकं, उपयोगिता प्रमाणपत्र, फोटो, सगळं मी हल्ली भाऊसाहेबांना आधी विचारते आणि मुख्याध्यापकांना नंतर. हे दोघांनाही माहीत आहे.

१०. "तिसऱ्या वर्षी काय?" हा प्रश्न विचारला की बैठकीत खोकल्याची साथ येते. आमच्या मागच्या खोलीत जुने संगणक आहेत, आयसीटी योजनेतले. त्यांच्यासोबत कंत्राटी निर्देशक होते, मुलांचे लाडके. करार संपला, ते गेले, आणि खोलीला कुलूप लागलं. यंत्रं बिघडली नव्हती, माणूस गेला होता. कंपन्यांचंही काही खरं नसतं. २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं नाव झळकत होतं. २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्याच थकबाकीवरून त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. लॉस एंजेलिसच्या शाळा मंडळाने मार्च २०२४ मध्ये 'एड' नावाचा बोलका एआय सोबती थाटात सुरू केला. बनवणारी कंपनी काही महिन्यांतच कोलमडली आणि तो बंद पडला. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या मंडळाची ही गत, तर आम्ही कोण! त्यामुळे आमची विचारायची यादी आता छोटी आणि खडूस आहे: नेट नसताना चालतं का, वर्गणी संपल्यावर मुलांच्या नोंदी आमच्याकडे राहतात का, आणि हे बंद पडलं तर शिक्षकाच्या हाताला काय उरतं. तिसऱ्याचं उत्तर जो विचार करून देतो, त्याच्याशी पुढे बोलायचं.

११. माजी विद्यार्थ्यांचं प्रेम आणि कायदा यांची गाठ लवकर घालून द्यावी. न्यू जर्सीतल्या आमच्या एका विद्यार्थ्याला 'शाळेला एआय लॅब' द्यायची होती, आणि तो डॉलर लगेच पाठवायला निघाला होता. भारतीय पासपोर्ट असता तर चाललं असतं. पण तो तिकडचा नागरिक झालेला, त्यामुळे त्याचे पैसे परदेशी देणगीत मोडतात. मग एफसीआरए नोंदणी हवी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. आमच्याकडे दोन्ही नाही. त्याला वाईट वाटलं. म्हटलं, अरे, तू याच क्षेत्रात आहेस, तर महिन्यातून एकदा शिक्षकांशी बोल. शनिवारी आमच्या सकाळी, त्याच्या शुक्रवारी रात्री तो बोलतो. विज्ञानाच्या सरांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "हे यंत्र खोटं बोलतं तेव्हा त्याला कळतं का रे?" तो म्हणाला, "सर, तुम्ही दहावीतही असंच अडचणीत आणायचात."

१२. अर्जही आता एआयच लिहून देतं, आणि छान देतं. मी वापरते, इंग्रजीची धास्ती निम्म्याने कमी झाली. एका छाननी समितीवर काही दिवस बसायचा योग आला, तेव्हा मात्र गंमत कळली. गठ्ठ्यातले कितीतरी अर्ज एकाच घरात वाढल्यासारखे. सगळ्यांचीच दृष्टी 'सर्वसमावेशक', सगळ्यांचाच परिणाम 'परिवर्तनकारी', आणि शाळा डोंगरात आहे की डोंबिवलीत, ते शेवटपर्यंत कळत नव्हतं. एका शाळेने लिहिलं होतं की आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात पट हलतो, दिवाळीनंतर गेलेली मुलं उन्हाळ्यात परत येतात, तेव्हा त्यांचा सुटलेला भाग भरून काढायला काही साधन मिळेल का? इंग्रजी मोडकं होतं. त्या एका अर्जावर समितीत अर्धा तास बोलणं झालं.

या वर्षी आम्ही यंत्र मागितलंच नाही. गावातली एक मुलगी बी.एस्सी. होऊन घरी आहे, तिचं दोन वर्षांचं मानधन मागितलं: ती टॅब सांभाळेल, मुलांबरोबर बसेल, आणि 'पानी' म्हणणाऱ्या पोरींना घाबरवणार नाही. त्यासोबत शिक्षकांचे महिन्याला दोन तास, आणि त्या खोलीचं वीजबिल. मानधन मंजूर झालं. दोन तासांबद्दल 'शाळेने आपल्या स्तरावर नियोजन करावं' असं उत्तर आलंय. वीजबिल पात्र खर्चात बसत नाही म्हणे. भाऊसाहेब दोन दिवस झाले, ते 'प्रकल्प संचालन' या शीर्षाखाली कसं बसवता येईल, ते बघतायत.